आमचं ठरलेलं असतं, डॉक्टर: मुंबईतल्या मानसोपचारतज्ज्ञांना आणि समुपदेशकांना खुले पत्र

मुंबईतल्या सर्व मानसोपचारतज्ज्ञांना, मानसशास्त्रज्ञांना आणि समुपदेशकांना,

सप्रेम नमस्कार.

मी उभयलैंगिक आहे. मला पुरुषांवर प्रेम जडलं आहे आणि स्त्रियांवरही. विक्रोळीत वाढले, अजून तिथेच राहते, विचार मराठीतच करते आणि रडूही मराठीतच येतं. माझ्यासारखी बरीच माणसं या शहरात आहेत आणि त्यांच्यातली बरीच कधी ना कधी तुमच्या समोरच्या खुर्चीत बसून गेली आहेत. तुम्हाला ती कळली असतीलच असं नाही. म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एकच आहे. आम्ही आमच्याबद्दल सांगितलं की तुमच्यातले पुष्कळ जण वाट बघायला लागतात. ही मुलगी शेवटी कुठल्या बाजूला जाते ते कळू दे, मग बघू, अशी ती वाट असते. तोवर आमची उडालेली झोप, छातीतली धडधड, महिनोन्‌महिने न हटणारं नैराश्य, सगळं त्या ‘अजून न ठरलेल्या’ गोष्टीच्या खात्यावर जमा होतं. आमचं ठरलेलं असतं, डॉक्टर. आम्ही ते तुम्हाला पहिल्याच भेटीत सांगितलेलं असतं.

पंचविशीत मी एका समुपदेशक बाईंकडे जात होते. बाबा आजारी होते, घरात मी एकटीच कमावती होते आणि गर्दीच्या लोकलमध्ये अचानक श्वास अडकल्यासारखा व्हायचा. त्यासाठीच गेले होते. विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. बाई म्हणाल्या, “पण तुला बॉयफ्रेंड आहे ना? मग प्रश्नच कुठे आला?” पुढे तो संबंध संपला आणि मी एका मुलीच्या प्रेमात पडले, तेव्हा त्याच बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “म्हणजे तू लेस्बियनच होतीस, आता मान्य करते आहेस.” दोन्ही वेळी मी तीच होते. त्या बाई मनाने चांगल्या होत्या, हे मी आजही म्हणेन. पण तासातला अर्धा वेळ मी कोण आहे याची उलटतपासणी होण्यात जायचा आणि बाबांबद्दल बोलायचं राहून जायचं. मी जाणं सोडलं. श्वास अडकणं पुढे बरीच वर्षं तसंच राहिलं.

माझा डोंबिवलीचा एक मित्र आहे. लग्न झालेलं, मुलं आहेत, बायकोवर त्याचं मनापासून प्रेम आहे. एका रुग्णालयात त्याने डॉक्टरांना सांगितलं की मला पुरुषांबद्दलही ओढ वाटते आणि हे कुणालाच माहीत नाही, याचं ओझं आता पेलवत नाही. डॉक्टरांनी त्याला न विचारता पुढच्या भेटीत बायकोला आत बोलावलं. त्या दिवशी त्या घरात काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतं, हे तुम्हाला माहीत आहे. नवरा-बायकोच्या नात्यात हा हक्क विरघळून जातो असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

हा ‘ठरवण्याचा’ आग्रह येतो कुठून, यावर मी बराच विचार केला आहे. तो काही प्रमाणात तुमच्या पुस्तकांतूनच आला असावा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून वगळलं, त्याचा गौरव आपण सगळेच करतो. पण त्या यादीच्या त्याच आवृत्तीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, एफ ६६ हा विभाग होता. आपल्या लैंगिक कलाबद्दल अनिश्चितता असणं आणि त्यातून चिंता किंवा नैराश्य येणं, हे तिथे निदान म्हणून लिहिता येत होतं. त्या चिंतेचं मूळ घरात, शाळेत, लग्नाच्या बाजारात असतं, ते निदानात येत नव्हतं. तिथे फक्त आमचं मन येत होतं. आयसीडी-११ ने तो विभागच काढून टाकला आणि १ जानेवारी २०२२ पासून ही नवी आवृत्ती लागू झाली. पुस्तकातून गेलेली गोष्ट सवयीतून जायला वेळ लागतो, हे मला समजतं. पण ज्या वयात आमची मुलं-मुली तुमच्याकडे येतात, त्या वयात वेळ हीच गोष्ट त्यांच्याजवळ कमी असते.

उभयलैंगिक माणसांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण भिन्नलिंगी माणसांपेक्षा जास्त आढळतं, आणि अनेक पाहण्यांत ते समलिंगी स्त्री-पुरुषांपेक्षाही जास्त आढळलं आहे. हे संशोधन बहुतेक परदेशातलं आहे, पण त्यामागचं कारण मला विक्रोळीतही ओळखीचं वाटतं. अमेरिकेत प्यू रिसर्च सेंटरने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत, आयुष्यातल्या महत्त्वाच्या माणसांपैकी सगळ्यांना किंवा बहुतेकांना आपल्याबद्दल माहीत आहे असं ७७ टक्के समलिंगी पुरुषांनी आणि ७१ टक्के समलिंगी स्त्रियांनी सांगितलं. उभयलैंगिकांमध्ये हे प्रमाण २८ टक्के होतं. म्हणजे आमच्यातली बहुतेक माणसं आपल्या सगळ्यात जवळच्या लोकांमध्येही एकटीच वावरतात. पुरुषासोबत असलो तर आम्ही ‘सुधारलो’, स्त्रीसोबत असलो तर आधी खोटं बोललो, एकटे असलो तर गोंधळलेले. तीनही वेळा आमच्या शब्दावर विश्वास ठेवणारं कुणी नसतं. बाहेर रोज हेच घडत असताना तुमच्या खोलीतही तेच घडलं, तर ती खोलीही बाहेरच्यातच जमा होते.

आणि कधी कधी ते याहून वाईट असतं. २०२० च्या मे महिन्यात केरळमधली एक तरुण विद्यार्थिनी गोव्यात मरण पावली. तिने उभयलैंगिक असल्याचं घरी सांगितलं होतं. त्यानंतर आपल्याला उपचारकेंद्रात डांबून औषधं दिली गेली, हे तिने स्वतः एका व्हिडिओत सांगून ठेवलं होतं. त्या मृत्यूनंतर इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटी या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने अशा ‘उपचारां’विरुद्ध भूमिका घेतली. पुढे ७ जून २०२१ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी लैंगिक कल ‘बरा’ करण्याच्या प्रयत्नांना मनाई केली आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं की कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे कल बदलण्याचे असे ‘उपचार’, हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. त्या न्यायमूर्तींबद्दल मला फार आदर वाटतो. या विषयाची आपल्याला पुरेशी समज नाही असं त्यांनी उघडपणे नोंदवलं आणि निकाल लिहिण्याआधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञांसमोर जाऊन बसले, प्रश्न विचारले, शिकले. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हे करता येतं, तर वीस वर्षं प्रॅक्टिस झालेल्या डॉक्टरलाही करता येईल. मुंबईतच मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेने क्विअर, म्हणजे लैंगिकतेच्या रूढ चौकटीबाहेरच्या, माणसांना सन्मानाने समुपदेशन कसं करावं याचं प्रशिक्षण सुरू केलं आहे. त्यासाठी परदेशी जावं लागत नाही.

कन्व्हर्जन थेरपी म्हटलं की डोळ्यांपुढे विजेचे झटके आणि कोंडून ठेवणं येतं. मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांत ती बहुतेक वेळा फार सौम्य आवाजात येते. “लग्न झालं की मन रमेल.” “तुला दोन्ही आवडतं ना, मग सोपा रस्ता धर.” हे दुसरं वाक्य आम्हाला खूप जणांनी ऐकवलेलं आहे आणि त्यात पदवीधारक समुपदेशकही आहेत. मुलगी उभयलैंगिक आहे हे कळल्यावर आई-वडिलांना हायसं वाटतं, कारण आता स्थळ बघायला हरकत नाही. कांदेपोह्यांचे कार्यक्रम दुप्पट वेगाने सुरू होतात. तुम्ही जेव्हा त्या आई-वडिलांना म्हणता की मुलीला थोडा वेळ द्या, ती सावरेल, तेव्हा त्यांना जे ऐकू येतं ते तुम्हाला म्हणायचं नसेलही. कृपा करून स्पष्ट बोला. तिच्यात सावरण्यासारखं काही नाही, आणि ज्या माणसाशी तिला लग्न करायचं नाही त्याच्याशी लावून देऊ नका, इतकं स्वच्छ बोला. पांढऱ्या कोटातल्या माणसाचा शब्द आपल्या घरांत अजून चालतो. तो आमच्या बाजूने वापरा.

आता मुंबईच्या घरांबद्दल, कारण तुमचे बरेचसे सल्ले घर असलेल्या माणसांसाठी असतात.

रोज मनातलं वहीत लिहा, असं तुम्ही सांगता. ती वही ठेवायची कुठे? बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते. आमच्या कन्नमवार नगरातल्या जुन्या इमारतींतली घरं तिच्यापेक्षा थोडी मोठी, इतकंच. एका कपाटात चौघांचे कपडे असतात आणि आई दर रविवारी ते आवरते. ऑनलाइन सेशन घ्या, प्रवास वाचेल, असं तुम्ही सांगता. माझ्या ओळखीची एक मुलगी सेशन गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे उभी राहून घेते, पावसाळ्यात छत्री धरून. एक मुलगा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून घेतो, कारण तिथल्या गर्दीत कुणी कुणाचं ऐकत नाही. एक बाई नवरा कामावर गेल्यावर आणि सासू देवळात गेल्यावर जी चाळीस मिनिटं मिळतात त्यात बोलतात आणि दाराची कडी वाजली की वाक्य अर्ध्यावर सोडून भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागतात. त्यांच्या समुपदेशकांना हे माहीत आहे आणि त्याही लगेच भाजीच्या भावाबद्दल बोलतात. मला त्या समुपदेशक कोण ते माहीत नाही, पण त्यांना भेटून हात जोडावेत असं वाटतं.

म्हणून सुरुवातीलाच एक प्रश्न विचारत जा. आत्ता कुठून बोलतेस, आजूबाजूला कोण आहे? कुणी आलं तर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा. जिला बोलता येत नाही तिला टाइप करून बोलू द्या. पावतीवर आणि मेसेजमध्ये दवाखान्याचं नाव असं असू दे की फोन कुणाच्या हाती पडला तर घरात चौकशी सुरू होणार नाही. महापालिकेच्या ओपीडीत नातेवाईक पेशंटसोबत आतच येतात, गर्दी असते, मला कल्पना आहे. तरीही तरुण मुला-मुलींच्या बाबतीत आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगा. सगळ्यांनाच सांगा, म्हणजे कुणा एकाबद्दल संशय येणार नाही. त्या दोन मिनिटांत “तुला जोडीदार आहे का?” एवढंच विचारलं, मुलगा की मुलगी ते आपणहून गृहीत धरलं नाही, तरी समोरच्याला पुरेसं कळतं.

स्वतःची काळजी घेणं ही आमच्यासाठी महागडी गोष्ट असायची गरज नाही, पण ती तशीच सांगितली जाते. खासगी समुपदेशनाच्या एका सत्राला या शहरात दीड-दोन हजार रुपये सहज जातात. ते कुणाला परवडतात आणि कुणाला नाही, हे तुम्हाला फी सांगतानाच दिसत असेल. मला ज्या गोष्टींनी टिकवून धरलं त्या साध्या होत्या. वेळेवर दोन घास खाणं. रात्री फोन बाजूला ठेवून झोपणं. नातेवाईकांच्या ज्या लग्नात माझी चौकशी होणार हे ठाऊक आहे तिथे तासाभरात निघायची तयारी ठेवून जाणं. आणि सगळं माहीत असलेलं एक तरी माणूस. हे शेवटचं औषधासारखं लिहून द्या, अगदी केस पेपरवर लिहा हवं तर. सगळ्यांना सांगून मोकळं व्हा, असा आग्रह मात्र धरू नका. सांगणं हा धैर्याचा पुरावा नाही. जिचं छप्पर वडिलांच्या नावावर आहे आणि नोकरी कंत्राटी आहे, तिने गप्प राहायचं ठरवलं तर तो तिचा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. तिला त्या निर्णयात सोबत हवी असते.

मध्यरात्री कुणी नसेल तेव्हा केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, विनामूल्य आणि मराठीतही. तुमच्या दवाखान्याच्या भिंतीवर हा आकडा मोठ्या अक्षरांत लावा.

सगळं माहीत असलेल्या त्या एका माणसाचा शोध आम्हाला बहुतेक वेळा गटांमध्ये लागतो, आणि या बाबतीत मुंबईने देशाला वाट दाखवली आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये इथूनच ‘बॉम्बे दोस्त’ हे समलैंगिकांचं नियतकालिक सुरू केलं, १९९४ मध्ये आमच्यासारख्यांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट उभा राहिला. १९९५ मध्ये याच शहरात ‘स्त्री संगम’ हा समलिंगी आणि उभयलैंगिक स्त्रियांचा गट जमला, तोच पुढे ‘लेबिया’ झाला. आमचं नाव त्यात पहिल्यापासून आहे, हे मला कळलं तेव्हा मी तिशी ओलांडली होती. कुणीतरी, एखाद्या समुपदेशकाने, दहा वर्षं आधी सांगितलं असतं तर! २००८ पासून ऑगस्ट क्रांती मैदानाच्या परिसरातून प्राइड मोर्चे निघाले. पालकांसाठी ‘स्वीकार’ हा गट आहे, जिथे एक आई दुसऱ्या आईशी बोलते. त्या बोलण्याला तुमचा किंवा माझा कुठलाही युक्तिवाद पुरा पडणार नाही.

गटांमध्ये सगळं सुरळीत आहे असं मात्र मी म्हणणार नाही. तिथेही आम्हाला “तू काय, शेवटी एखाद्या मुलाशी लग्न करून मोकळी होशील” हे ऐकावं लागतं, आणि आपल्या माणसांकडून ऐकलेलं जास्त लागतं. भेटी वांद्र्याच्या कॅफेत ठरतात, बोलणं इंग्रजीत चालतं. कल्याणहून किंवा विरारहून येणारा मुलगा कोपऱ्यात बसून हसतो आणि पुन्हा येत नाही. तुम्ही पेशंटला नुसता गटाचा पत्ता देऊन मोकळे होऊ नका. गेलास का, कसं वाटलं, कुणी बोललं का, हे पुढच्या भेटीत विचारा.

मराठीला हा विषय परका आहे असं मला कुणी सांगितलं की मला र. धों. कर्वे आठवतात. १९२७ पासून १९५३ पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी मुंबईतून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक आरोग्यावरचं मासिक चालवलं. वाचक लाजत-बिचकत प्रश्न पाठवायचे आणि ते सरळ उत्तर द्यायचे. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, त्यात समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांचाही समावेश होता. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने मुंबईच्या न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण लोकांना विचारायचा आणि उत्तर मिळवायचा हक्क आहे ही बाजू त्यांनी भर न्यायालयात मांडली. मराठीत, याच शहरात, नव्वद वर्षांपूर्वी माणसं आपल्या मनातलं कागदावर लिहून पाठवत होती. आज त्यांच्या पणतवंडांना केईएम, सायन, नायर, कूपरच्या ओपीडीत ते तोंडाने बोलता यावं.

कायदा तुमच्या पाठीशी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १८ लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क देतं, अगदी शब्द वापरून. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८ चा नवतेज सिंग जोहर निकाल आहे. समलिंगी लग्नाचा हक्क त्याच न्यायालयात १७ ऑक्टोबर २०२३ ला नाकारला गेला, आणि त्या आठवड्यात तुमच्याकडे फोन वाढले असतील तर ते का वाढले हे आता तुम्हाला कळेल. ती लढाई आम्ही लढू. तुमच्याकडून हवं आहे ते तुमच्या हातातलं आहे.

महापालिकेच्या चार मोठ्या रुग्णालयांपैकी एकात तरी, महिन्यातून एका शनिवारी, ओपीडी संपल्यावर रिकामी राहणारी एक खोली आम्हाला द्या. मराठीत बोलणाऱ्या उभयलैंगिक आणि क्विअर माणसांचा गट तिथे बसेल. फी नाही, नाव विचारणं नाही, गेटवरच्या वॉचमनला फक्त “शनिवारची मीटिंग” एवढं सांगितलं की पुरे. रुग्णालयात जायला घरी कारण सांगावं लागत नाही, म्हणून तीच जागा हवी आहे. हमसफर ट्रस्टने वाकोल्याला महापालिकेच्या जुन्या इमारतीतून वर्षानुवर्षं काम केलं आहे, तेव्हा पालिकेच्या भिंतींना आमची सवय आहे. तुमच्यातल्या एका डॉक्टरने किंवा निवासी विद्यार्थ्याने आळीपाळीने बसावं, बोलण्यापेक्षा ऐकण्यासाठी. माणसं आम्ही आणू, चहा आम्ही आणू, खुर्च्या आम्ही लावू आणि जाताना जागच्या जागी ठेवू. अर्ज कुणाच्या नावे करायचा आणि कुठल्या खिडकीवर द्यायचा, तेवढं कळवा.

आपली,
विक्रोळीची एक उभयलैंगिक मुंबईकर